एक चॅन म्हणजे किती

सा देक,
६ सप्टेंबर १९८७

ती. आत्यास लुआचा सा. न. वि. वि.

तुमचे पत्र आणि त्यासोबतचा बदलीचा छापील अर्ज मिळाला. हाय फाँगच्या रुग्णालयात औषधालयातली जागा पाच नोव्हेंबरपर्यंत माझ्यासाठी अडवून ठेवायला तुम्ही किती जणांच्या पायऱ्या झिजवल्या असतील ते मला कळते. अर्ज भरून ठेवला आहे. फक्त सही राहिली आहे. इथल्या आरोग्य कार्यालयात तो त्याच तारखेपर्यंत द्यायचा आहे. टेबलाच्या ज्या खणात तो ठेवला, त्यातच तुमच्या जावयाचे, लामचे, बोटींची इंजिने खोलायचे पाने असतात. तो रोज खण उघडतो, अर्ज बघतो आणि काही न बघितल्यासारखा बंद करतो.

या घरात येऊन मला दीड वर्ष झाले. सासूबाई दुष्ट नाहीत, तुम्ही उगाच तसे मनात धरू नका. पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाय ठेवला की म्हणतात, राहू दे बाई, तुझे हात औषधांचे, इथे आम्ही साधी माणसे. जेवायला बसताना मी आपल्या रीतीने एकेका वडीलधाऱ्याचे नाव घेऊन जेवायला बसा म्हणते, तर परवा म्हणाल्या की हिची हजेरी संपेपर्यंत भात गार होतो. शेंडेफळ नणंद, उत, खो खो हसली. मीही हसले, पण तेव्हापासून नावे मनातल्या मनात घेते.

आता पत्राचे खरे कारण. अठ्ठावीस तारखेला सासऱ्यांची तिथी आहे. चाळीस माणसे जेवतील. काल सासूबाईंनी तिसऱ्या काकांसमोर जाहीर करून टाकले की यंदा तळलेले रोल आणि ते बुडवून खायचे आंबटगोड सून करील. त्यांच्या सासूनेही त्यांना असेच एका तिथीला उभे केले होते आणि दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघर हाती दिले होते. रोल मी वळीन. आंबटगोड मात्र मला येत नाही, कारण तुम्हीही मला कधी चुलीपाशी उभे राहू दिले नाही, अभ्यासाला जा म्हणत होतात.

हे जमले तर मी अर्ज फाडीन. नाही जमले तर सही करीन. लामला तसे सांगितले. तो म्हणाला की आईला टाकून तो उत्तरेला येणार नाही, आणि मला अडवणारही नाही. दुसरे वाक्य मला जास्त लागले.

कृती लवकर पाठवा. तुमचा लोभ आहे म्हणूनच एवढे मागते.

तुमची,
लुआ


हाय फाँग,
१५ सप्टेंबर १९८७

चि. लुआस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. अर्ज आणि आंबटगोड हे दोन वेगळे विषय आहेत, तू ते एका पिशवीत घातलेस. सही विचार करून करायची असते, वाटीत बोट बुडवून नाही. तरी विचारलेस म्हणून सांगते.

प्रमाण असे. एक वाडगा पाणी. एक चॅन मासळीचा खारा अर्क, एक चॅन साखर, एक चॅन तांदळाचा सिरका. यात पाच माणसे जेवतात. चाळीसांना सगळे आठपट घे. पाणी उकळून कोमट होऊ द्यायचे आणि साखर आधी विरघळवायची, पूर्ण, तळाशी एक कण दिसता कामा नये. मग सिरका. अर्क शेवटी, आणि अर्क पडल्यावर विस्तव नाही. लसूण आणि लाल मिरची सुरीने बारीक चिरायची, खलबत्त्यात कुटायची नाही. ती सगळ्यात शेवटी वरून टाकली की तरंगते. ज्या घरच्या वाटीत लसूण तळाला बसलेला दिसतो तिथे घाई झालेली असते, हे माझ्या आईचे मत आणि माझेही. आपण त्यात नवलकोलाचे काप टाकतो. तुझ्याकडे नवलकोल मिळणार नाही, कच्ची पपई चालेल.

तीस वर्षे मी मुलांना रसायनशास्त्र शिकवले. अंदाजाने ओतणाऱ्याला मी प्रयोगशाळेत उभे केले नाही. मापात एका थेंबाचा फरक करायचा नाही, कोणी कितीही शहाणपण सांगितले तरी. तिकडे दक्षिणेतले लोक कशातही नारळाचे पाणी ओततात आणि साखर पसा पसा घालतात. तुझ्या सासूबाई सुचवतीलच. ऐकू नकोस. नैवेद्य दाखवण्यापूर्वी चाखायचे नसते हे तुला माहीत आहे. माप बरोबर असले की चाखावे लागतही नाही.

इथे सर्व ठीक. खालच्या मजल्यावरच्या वाङ्बाईंनी नळावर पुन्हा भांडण काढले, मी उत्तर दिले नाही, म्हणून त्या जास्त चिडल्या. गुडघा दुखतो. तुझी खोली झाडून घेतली आहे. खोली झाडलेली असावी एवढाच त्याचा अर्थ.

जावईबापूंना आशीर्वाद. तुझ्यावरचा लोभ मापात बसत नाही, तेवढा एक अपवाद.

तुझी आत्या,
हिएन


सा देक,
२ ऑक्टोबर १९८७

ती. आत्यास लुआचा सा. न. वि. वि.

झाले ते सांगते, मग पुन्हा त्याबद्दल लिहिणार नाही.

तिथीच्या दिवशी मी पहाटेपासून रोल तळत होते. तीनशेच्या वर होते. कढई सोडली असती तर जळले असते, म्हणून सासूबाई स्वतः होऊन म्हणाल्या की तू वाच, मी ओतते. मला किती बरे वाटले म्हणून सांगू! पहिल्यांदा आम्ही दोघी एका छपराखाली एका कामाला लागलो होतो. मी तुमचे पत्र चुलीशेजारच्या खांबाला टाचले होते. पाठ त्यांच्याकडे, तोंड कढईकडे, आणि एकेक ओळ वाचत होते. मध्ये त्यांनी विचारले, बाई पुरे का? मी म्हटले, आत्याने लिहिले तेवढे, एक थेंब कमी नाही. लसूण मात्र मी चिरला, आणि तो असा तरंगला की उतही बघत राहिली.

पहिली वाटी सासऱ्यांच्या तसबिरीसमोर ठेवली. उदबत्त्या विझेपर्यंत सगळे थांबले. मग पाने वाढली. तिसऱ्या काकांनी रोल बुडवून तोंडात टाकला, आणि त्यांचे डोळे मोठे झाले. त्यांनी पाणी मागितले. मग दुसऱ्यांनी मागितले. आत्या, ते आंबटगोड नव्हते, ते समुद्राचे पाणी होते, त्यात सिरका ओतलेला. मीही बुडवून पाहिले आणि जीभ वळेना. चाळीस माणसे, आणि एकानेही नाव ठेवले नाही. सगळ्यांनी रोल कोरडे खाल्ले आणि छान झालेत म्हणाले. कोणी शिव्या घातल्या असत्या तर मी सोसल्या असत्या.

पाहुणे गेल्यावर सासूबाई तसबिरीपुढची वाटी उचलताना एवढेच पुटपुटल्या की बिचाऱ्यांना आज तिथेही तहान लागली असेल. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, जा, झोप, थकली असशील. तेव्हापासून त्या मला कामाला हात लावू देत नाहीत, आणि आता तर राहू दे बाई सुद्धा म्हणत नाहीत.

तुमच्या शब्दाबाहेर मी गेले नाही. मग माझ्याच हाताला चव नसेल. महिनाअखेरीस सही करणार आहे. तुमच्याकडे येईन तेव्हा काही विचारू नका, एवढा लोभ करा.

लुआ


हाय फाँग,
११ ऑक्टोबर १९८७

चि. लुआस आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. हाताला चव असते, नसते, ही भाषा माझ्याकडे वाढलेल्या मुलीची नाही. काही चुकले असेल तर ते शोधता येते.

मी तीच कृती काल इथे केली, लिहिली तशी. उत्तम झाली. वाङ्बाईंना वाटीभर दिली, त्यांनी वाटी धुऊन परत केली, यावरून समज. म्हणजे कृती बरोबर आहे. आता पुढील गोष्टी कळव. अर्क कुठला, पहिल्या धारेचा की दुसऱ्या? पाणी उकळून किती आटले? सिरका दुकानातला की घरचा? आठपट करताना मोजणी कोणी ठेवली? मोजायला भांडे कोणते होते? उत्तरे क्रमाने दे.

विहीणबाईंनाही मी स्वतंत्र पत्र टाकले आहे, कारण ओतणारा हात त्यांचा होता. तू म्हणशील आत्याने आणखी बिघडवले. बिघडायचे राहिले आहे काय?

सहीबद्दल मी काही सांगणार नाही. आलीस तर घर तुझेच आहे. वाङ्बाईंची पुतणी त्या जागेसाठी विचारत होती, तिला मी थांब म्हटले आहे.

उत्तर लगेच टाक. राग असला तरी टाक, रागातही लोभ असतोच.

तुझी आत्या,
हिएन


सा देक,
२० ऑक्टोबर १९८७

हाय फाँगच्या विहीणबाईंना सा देकच्या दिएपचा नमस्कार वि. वि.

मला लिहिता येते ते सहीपुरते. हे उत लिहून घेते आहे. अक्षर तिचे, बोलणे माझे.

तुमचे पत्र आले. त्यात सात प्रश्न. वाचून घेताना मला शाळेत कान धरून उभे केल्यासारखे वाटले, आणि शाळा मी तिसरीत सोडली ती याच भीतीने. तरी विचारले आहे तर सांगते. तुमच्या मुलीला तुमचे पत्र आले, पण ती उत्तर लिहिणार नाही म्हणते, म्हणून तिच्या वाटचेही मीच सांगते.

मोजले मी. अर्क चांगला, बेटावरचा, पहिल्या धारेचा. सिरका घरचा. तुमच्या मुलीने वाडगा म्हटले की मी वाडगा घेतला, ज्यात आम्ही सूप वाढतो तो. चॅन म्हटले की चॅन घेतला, ज्यात माणूस भात खातो तो. माझे निळ्या काठाचे आहेत, लग्नातले. आठ चॅन अर्क, आठ चॅन सिरका, आठ चॅन साखर. साखरेला घरातली सगळी बरणी गेली आणि शेजारून दोनदा आणावी लागली. चौथ्या चॅनला माझा हात थांबला. चाळीस वर्षे मी हेच करते आहे, मला काय कळत नव्हते? म्हणून विचारले, बाई पुरे का? ती म्हणाली आत्याने लिहिले तेवढे. मी मनात म्हटले, उत्तरेकडचे लोक खारट खातात असे ऐकले होते, ते एवढे! पण आज तिची रीत आहे, आज आपण तोंड घालायचे नाही. आयुष्यात एकदा मी गप्प बसले, विहीणबाई, आणि बघा काय झाले.

आता मी एक विचारते, एकच. मुलगी परत हवी होती तर सरळ लिहायचे होते. चाळीस माणसांची तोंडे कशाला जाळलीत?

ती ट्रंक भरते आहे. मी भरू नकोस म्हटलेले नाही. मला तसे म्हणता येत नाही. आमच्याकडे थोरल्या मुलाला दुसरा म्हणतात, पहिला म्हणत नाहीत, दृष्ट लागू नये म्हणून. माझा दुसरा लढाईत गेला. गोळी कुठल्या बाजूची ते विचारायचे मी सोडून दिले. पण त्यानंतर उत्तरेची बोली कानावर पडली की माझ्या हातातले काम थांबायचे. लामने तीच बोली घरात आणून बसवली. ऐकायची सवय व्हायला मला दीड वर्ष लागले. आता झाली, तर ती निघाली.

लोभ ठेवा असे म्हणायची पद्धत आहे. ठेवायचा की नाही ते तुमचे तुम्ही बघा.

दिएप

ता. क. मी उत. आता झाली हे वाक्य काढून टाक असे आई मागाहून म्हणाली होती. मी विसरले.


तार
हाय फाँग, २ नोव्हेंबर १९८७

लुआ, सा देक.
आमचा चॅन म्हणजे चहाचा पेला. चूक माझी. सही करू नकोस. आत्या.


हाय फाँग,
२ नोव्हेंबर १९८७

श्रीमती विहीणबाईंस हिएनचा नमस्कार वि. वि.

आताच तारघरातून आले. तार तुम्हाला उद्या मिळेल, हे पत्र आठदहा दिवसांनी. तारेत सगळे मावत नाही.

आमच्या इकडे भात खायच्या भांड्याला वाडगा म्हणतात. चॅन म्हणजे चहाचा पेला, तीन घोटांचा, लहान मुलाच्या मुठीत बसतो एवढा. मी लिहिलेला वाडगा तुमच्यापेक्षा लहान होता आणि माझा चॅन तुमच्या चॅनच्या सहाव्या हिश्शाएवढा. तुम्ही ओतलेत ते अक्षरशः मी लिहिलेले होते, आणि त्यातले काहीही मी लिहिलेले नव्हते. चौथ्या चॅनला तुमचा हात थांबला तो बरोबर थांबला. कोणी काही सांगितले तरी फरक करू नकोस असे मी मुलीला बजावले नसते, तर तुमच्या हाताने घर वाचवले असते. माप लिहून एकक स्पष्ट न करणाऱ्या मुलाचे मी दोन गुण कापत असे. माझे सगळे कापा.

तुमच्या एका प्रश्नाचे उत्तर राहिले. ते मी टाळणार नाही.

कृती लिहिताना माझ्या मनात काही नव्हते. लुआला मी तिच्या सहाव्या वर्षापासून वाढवले, तिचे हसे व्हावे असे मला वाटणार नाही. पण तुमचे पत्र मला अठ्ठावीस ऑक्टोबरला मिळाले. मी चहा पीत वाचत होते. भात खातो तो चॅन, या शब्दांपाशी आले आणि हातातल्या पेल्याकडे पाहिले. तेव्हाच सगळे समजले. तारघर आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. मी गेले नाही. पत्राची घडी घातली आणि शिकवणीच्या मुलांच्या वह्या तपासत बसले. दुसऱ्या दिवशीही गेले नाही. मला काही खोटे बोलायचे नव्हते, काही करायचेही नव्हते. नुसते गप्प राहिले असते तरी पाच तारीख आपोआप आली असती, आणि मुलगी ट्रंक घेऊन माझ्या दारात उभी राहिली असती. असे पाच दिवस गेले.

तेव्हा मुद्दाम केलेत का याचे उत्तर असे आहे. कृती लिहिताना, नाही. हे पाच दिवस, हो.

तुमच्या मुलाबद्दल लिहिलेत. माझा भाऊ, लुआचा बाप, त्याच लढाईत गेला. मीही विचारायचे सोडले आहे. एवढेच.

तार वेळेत पोचली असेल तर मुलीला ठेवून घ्या. पोचली नसेल, तर ती इकडे आल्यावर मी तिला स्वतः गाडीत बसवून परत आणीन. माझ्यावर लोभ करावा असे मी या पत्रात काही केलेले नाही, म्हणून मागत नाही.

आपली,
हिएन


सा देक,
१६ नोव्हेंबर १९८७

ती. आत्यास लुआचा सा. न. वि. वि.

तार तीन तारखेला दुपारी आली. सही मी एक तारखेलाच केली होती आणि चारला अर्ज कार्यालयात देणार होते. मी रुग्णालयात होते, म्हणून तार सासूबाईंनी घेतली आणि उतकडून वाचून घेतली. उत सांगते, त्यांनी मग कपाटातून चहाचा एक पेला काढला, तो पाण्याने भरून भाताच्या चॅनमध्ये ओतला, पुन्हा भरला, पुन्हा ओतला, सहा वेळा. आणि खाली बसून इतक्या हसल्या की उत घाबरली.

संध्याकाळी मी घरी आले तर त्या सणाचा सदरा घालून धक्क्यावर उभ्या होत्या. लामला होडी काढायला लावली होती. मला म्हणाल्या, बस. कुठे ते विचारायची सोय नव्हती. एका हातात निळ्या काठाचा चॅन, दुसऱ्यात चहाचा पेला.

आत्या, आम्ही अकरा घरी गेलो. दोन दिवस लागले. तिथीला जेवून गेलेले एकही घर सोडले नाही. प्रत्येक ठिकाणी त्या आत जात, दोन्ही भांडी मेजावर ठेवत आणि म्हणत की हा आमचा चॅन, हा हिच्या माहेरचा चॅन, आणि मी ओतले ते यातून. सुनेचा हात चांगला आहे, सासू अडाणी निघाली. कोणी चहा पुढे केला तर थांबायच्या नाहीत, पुढच्या घरी जायचे आहे म्हणायच्या. मी प्रत्येक घरी खाली मान घालून उभी राहायची. तिसऱ्या घरापासून मलाही हसू आवरेना. तिसरे काका तर म्हणाले की मी त्याच दिवशी घरी येऊन बायकोला सांगितले होते, हे पिऊन जी माणसे जगतात ती लढाई जिंकणारच, आपला काय पाड लागणार! सासूबाईंनी त्यांना होडीत चढेपर्यंत शिव्या दिल्या, पण हसत.

नवव्या घरी एक म्हातारी आजी होती. ती म्हणाली, दिएप, एवढ्यासाठी या वयात होडीने हिंडतेस? पोरगी जातेच आहे ना? तेव्हा सासूबाई म्हणाल्या की ती जात नाही. आत्या, मी तसे अजून कोणालाच सांगितले नव्हते. लामला सुद्धा नाही. तो वल्हे धरून दाराशी उभा होता, त्याने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. बस, ठरले ते तिथेच, परक्याच्या अंगणात.

अर्ज चुलीत गेला. घालताना सासूबाई म्हणाल्या की कागद जाड आहे, सरकारी आहे, भात चांगला शिजेल.

रविवारी मी पुन्हा आंबटगोड केले, चहाच्या पेल्याने. या वेळी त्या कढईपाशी आणि मी मापाशी. पाण्याऐवजी नारळाचे पाणी घातले, ते तुमच्यापासून लपवत नाही. त्यांनी चाखले आणि म्हणाल्या की चैत्रातल्या कालव्यासारखे पातळ आहे, पण बरे लागते. मग मी बघत नाही असे समजून आणखी एक चमचा साखर टाकली.

तुमचे त्यांना आलेले पत्र चार दिवसांपूर्वी मिळाले. उतने ते सगळ्यांसमोर वाचले, तुम्हाला आवडले नसते, पण आमच्या घरी पत्र असेच वाचतात. पाच दिवसांपाशी आल्यावर उतने माझ्याकडे पाहिले. मला काय वाटले ते इथे लिहीत नाही, कधीतरी समोर बसून सांगेन. राग नव्हता, एवढे समजा. सासूबाईंनी ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाल्या, पाच दिवस! विहीणबाई पाच दिवस गप्प राहिल्या तर केवढे लिहितात. मी दीड वर्ष गप्प होते, आणि मला ते लिहिताही येत नाही.

नववर्षाला तुम्ही इकडे यावे असे त्यांनी सांगितले आहे. विनंती नाही, निरोप आहे. लामचा नमस्कार, उतचा साष्टांग. तुमचा लोभ तीन आठवड्यांच्या वाटेवरूनही पोचतो, पण आता थोडा जवळून हवा आहे.

तुमची,
लुआ


हाय फाँग,
२६ नोव्हेंबर १९८७

चि. लुआस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. दोन दुरुस्त्या. एक, पत्राला वाटेत आठ ते दहा दिवस लागतात, तीन आठवडे नाही. दुसरे, नारळाचे पाणी स्वतःच गोड असते, तेव्हा त्यात केले तर साखर पाऊण पेलाच घ्यावी, आणि विहीणबाईंच्या चमच्याचा हिशेब आधीच धरावा. त्या टाकणार आहेतच.

त्यांनी अकरा घरी जाऊन जे केले ते मला जमले नसते. मी एका तारघरापर्यंत पाच दिवस गेले नाही. हे त्यांना सांग. मी पत्रात लिहिले तर पुन्हा शाळेतल्यासारखे होईल.

तू राहिलीस हे बरे केलेस. हे मी उपचार म्हणून लिहीत नाही, विचार करून लिहिते. औषधालयातली जागा वाङ्बाईंच्या पुतणीला मिळाली, म्हणून वाङ्बाई हल्ली नळावर मला पुढे जाऊ देतात. भांडण नसल्यामुळे सकाळ लांबते.

नववर्षाला येईन. गाडीचे आरक्षण मिळायला रांग लावावी लागेल, ती लावीन. चार दिवस राहीन. त्याहून जास्त राहायचा आग्रह करू नये, गुडघ्याला होडी सोसणार नाही. मला कुठल्या नावाने हाक मारायची ते विहीणबाईंनी ठरवावे, पण नंबराने मारू नये.

इथे थंडी सुरू झाली. तू येणार असे धरून ऑक्टोबरात मी तांदूळ दोघींचा घ्यायला लागले आणि हात अजून तेवढाच घेतो. रोज एका माणसाचा भात उरतो. ही तक्रार नाही, माहिती आहे.

जावईबापूंना व उतला आशीर्वाद, विहीणबाईंना नमस्कार. लोभ आधी त्या घरात पुरेसा वाढ. पुरून उरेल तो इकडे असू दे.

तुझी आत्या,
हिएन